राखून ठेवलेली जागा

सकाळच्या प्रहरी रामघाटावर येणाऱ्या माणसाची दृष्टी प्रथम क्षिप्रेच्या पाण्याकडे जाते, मग पलीकडच्या दत्त आखाड्याच्या घाटाकडे, मग छत्र्यांखाली आसने मांडून बसलेल्या तीर्थपुरोहितांकडे. पायऱ्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. आम्हीही इतकी वर्षे पाहिले नव्हते. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी घरातल्या न्हाणीघरात पाय घसरून आमचे खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर जवळजवळ पाच महिन्यांनी काठी टेकीत आम्ही घाटावर आलो, तेव्हा कुठे रामघाटाला पायऱ्या आहेत हे आमच्या ध्यानात आले. उपचार करणाऱ्या मुलीने शिकविलेला नियम मनाशी घोळवीत आम्ही उतरलो. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि काठी नेहमी दुखऱ्या पायाच्या सोबतीला.

असो. आमच्या खुब्याचे पुराण सांगण्याचा हेतू नाही. त्या पाच महिन्यांत आठवड्यातून तीन दिवस आम्ही ज्या पुनर्वसन केंद्रात जात होतो, तेथे एक प्रश्न आमच्या मागे लागला. तो प्रश्न आमच्या पायाचा नव्हता. शेजारच्या बाकांवर बसणाऱ्यांचा होता, आणि पुढे तो आमच्या पूर्वायुष्यातील एका नोंदीपाशी आम्हाला घेऊन गेला. तो या पानांतून वाचकांपुढे ठेवावा, असे बरेच दिवस मनात होते.

त्या केंद्रातील खोली म्हणजे एक लहानशी शाळाच होती. एकीकडे समांतर दांड्या, त्यांच्यामध्ये चालण्याचा सराव. भिंतीवर बोटांनी चढायची लाकडी शिडी. एका टेबलावर भोकांची फळी आणि त्या भोकांत एकेक करून बसवायच्या खुंट्या. त्या खुंट्यांपाशी रामघाटावरचे एक नाभिक बसत. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती. पाय बराचसा परत आला होता, हात यायचा होता. त्यांच्या शेजारी एक तरुण, घरोघरी पार्सले पोहोचविणारा; मोटारसायकल घसरून नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडलेले. तिसऱ्या, लग्नकार्यात पुरणपोळ्या करणाऱ्या आपल्यापैकीच एक बाई. त्यांचा खांदा इतका आखडला होता की, वेणीपर्यंत हात जात नव्हता.

इतक्या दिवसांत या तिघांपैकी कोणी "मी पूर्ण बरा होईन का?" असे उपचार करणाऱ्या मुलीला विचारलेले आम्ही ऐकले नाही. नाभिक विचारीत, "बेटा, अमावास्येपर्यंत बसता येईल का?" तरुण विचारी, "मॅडम, किक मारता येईल ना?" आणि बाई विचारीत, "तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो गं, तोवर लाटणे धरता येईल का?" प्रश्न शरीराचा दिसे; खरा तो जागेचा होता. घाटाच्या पायरीवर एका पोत्याएवढी जागा, तीही कोणत्या कागदावर लिहिलेली नाही. आपण तिच्यावर बसलो नाही, तर ती कोणाची? तरुणाचे नाव कोण्या यंत्राच्या यादीतून निघून जाणार होते. बाईंना पिढ्यान्‌पिढ्या बोलावणारी घरे या हंगामात दुसऱ्या कोणाला तरी बोलावणार होती, आणि त्या दुसरीच्या हाताची चव त्या घरांना आवडण्याचा संभव होता.

या काळजीला वैद्यकशास्त्र मुळीच क्षुल्लक मानीत नाही. काळजीने झोप जाते, स्नायू ताठरतात, वेदना आहे त्याहून अधिक जाणवते. काळजीने ग्रासलेला रुग्ण दोन परस्परविरुद्ध चुका करतो. एक तर हाड धरण्यापूर्वीच कामावर धावतो आणि पुन्हा मोडून घेतो. किंवा पुन्हा दुखेल या भीतीने हालचालच टाळतो, आणि न हलविलेला सांधा अधिकच आखडतो. कामावरून दूर राहण्याचा काळ जितका लांबतो, तितके परत जाणे अवघड होते, हा तर या क्षेत्रातील सर्वांचा अनुभव. म्हणून डॉक्टर सांगतात, "काळजी करू नका." नातेवाईक सांगतात, "आधी प्रकृती, मग काम." आम्हीही प्रारंभी त्या नाभिकांना हेच सांगितले. त्यांनी खुंटी बसविणे थांबविले आणि आपल्या माळवी बोलीत शांतपणे विचारले, "बाबूजी, काळजी केली नाही तर जागा राहील का?"

आम्ही निरुत्तर झालो. येथूनच प्रश्नाला सुरुवात झाली. रुग्णाची ही काळजी हा आजाराचा एक भाग समजायचा, की परिस्थितीचे यथार्थ ज्ञान समजायचे? आजार असेल तर त्यावर औषध हवे, समजूत हवी. पण ते ज्ञान असेल, तर समजूत घालणे म्हणजे खऱ्याला खोटे म्हणणे. मग औषध रुग्णाला नव्हे, त्याची जागा ज्यांच्या हाती आहे त्यांना द्यावे लागेल.

या काळजीचे दोन पदर आहेत. पहिला भाकरीचा. तो सर्वांना समजतो. त्याला कर्ज, उसनवारी, विमा, नातलग यांपैकी काही ना काही उपाय असतो, निदान तो शोधला तरी जातो. दुसरा पदर जागेचा. चार माणसांच्या व्यवहारात आपला म्हणून जो एक कोपरा असतो, जेथे आपण नसलो तर "आज ते आले नाहीत" असे कोणीतरी म्हणते, तो कोपरा जाण्याचे भय. भाकरी दिली म्हणजे हे दुसरे भय आपोआप शमते, अशी आमची आयुष्यभर समजूत होती. ती किती चुकीची होती, हे पुढे सांगतो.

आपल्या घराण्यांना तर हे निराळे सांगायला नको. शिंदे-होळकरांच्या मागोमाग जी मराठी कुटुंबे माळव्यात आली, त्यांच्यात फडणीस आहेत, चिटणीस आहेत, पोतनीस, सबनीस, दफ्तरदार आहेत. ते फड गेले, ते दफ्तर गेले, संस्थाने जाऊन पाऊणशे वर्षे उलटली. पण कोण्या पणजोबाने धरलेली जागा आजही आपल्या नावाच्या शेवटी बसलेली आहे. ज्या समाजाने आपले नावच कामावरून घेतले, त्याने त्या पायरीवरच्या माणसाला "कामाचे मनावर घेऊ नका" असे सांगणे थोडे विनोदीच म्हणायचे.

उज्जयिनीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे त्या महादजी शिंद्यांचेच उदाहरण पाहू. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पायाला घाव लागून ते जन्माचे अधू झाले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलून रणातून सुखरूप नेले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुढची गोष्ट मात्र आपण तितक्या आवडीने सांगत नाही. जयाप्पा, दत्ताजी, जनकोजी, तुकोजी असे घराण्यातले कर्ते पुरुष एकामागून एक पडलेले; सरदारकी कोणाकडे जावी याविषयी पुण्यात मतभेद; घराण्यातील इतरांचे हक्क पुढे केले जात होते. महादजींच्या बाजूने हा निकाल लागायला पेशवे माधवरावांच्या कारकिर्दीत १७६८ साल उजाडावे लागले. पायाचा घाव त्याच्या कितीतरी आधी भरला असेल. मधली वर्षे त्यांच्या मनात काय चालले असेल, ते बखरीत सापडायचे नाही. परंतु एक गोष्ट उघड आहे. घाव भरला म्हणून सरदारकी मिळाली नाही. ती कोणीतरी द्यावी लागली. आणि दिल्यानंतर त्या अधू पायाच्या पुरुषाने दिल्लीपर्यंत काय केले, हे सर्वश्रुत आहे. राणेखानाला त्यांनी भाऊ मानले आणि पुढे फौजेत मोठ्या पदाला चढविले. ज्याने आपल्याला उचलले त्याला त्यांनी केवळ बक्षीस देऊन वाटेला लावले नाही. त्याला जागा दिली.

येथे एक आक्षेप आमच्याच मनात उभा राहिला, आणि तो वडीलधाऱ्यांकडून नेहमी ऐकू येतो. कामावरची ही आसक्ती म्हणजे मोहच नव्हे काय? ज्या श्रीकृष्णाने येथे सांदीपनींच्या आश्रमात विद्या घेतली असे आपण मानतो, त्यानेच पुढे कुरुक्षेत्रावर अनासक्ती शिकविली. मग रुग्णाने आजाराची संधी साधून कामाचा मोह सोडावा, हेच श्रेयस्कर नाही का? आम्ही यावर बराच विचार केला. गीतेने माणसाचा हक्क काढून घेतला तो फळावरचा; कर्मावरचा अधिकार तर तिने मुद्दाम राखून ठेवला. पायरीवर बसू न शकणारा नाभिक आज ज्यासाठी झुरत होता, ते दक्षिणेचे दहा-वीस रुपये नव्हते; नेमका तो राखून ठेवलेला अधिकारच होता. सोडणे हे ज्याच्या हातात काही आहे त्याला शोभते. ज्याच्या हातून ते काढून घेतले जात आहे, त्याला वैराग्य शिकविणे हा सुस्थितांचा सोयीस्कर धर्म आहे.

या प्रश्नावर आपल्या संतकथांनी काय म्हटले आहे, हे आम्हाला त्या नाभिकांमुळेच नव्याने उमगले. एके दिवशी खुंट्या बसविता बसविता त्यांनी सेन भगतांची गोष्ट सांगितली. त्यांच्या गोष्टीतला राजा बांधवगडचा होता. आपल्याकडे सेना न्हाव्याची हीच कथा दुसऱ्या राजाचे नाव घेऊन सांगतात. भक्त पूजेत गुंतला, राजाकडे जायची वेळ टळली, आणि देव स्वतः धोकटी घेऊन सेनाचे रूप धारण करून राजाची सेवा करून आला. गोष्ट संपवून ते म्हणाले, "देवाने सेनाजींच्या बदली काम केले, पण आपले नाव नाही लावले. सेनाजींचेच नाव राहिले."

'बदली' हा शब्द ऐकून आम्ही चमकलो. आम्हा शासकीय नोकरांच्या कोशात बदली म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला रवानगी. पण गिरण्यांच्या काळात 'बदली कामगार' हा निराळाच शब्द होता; कायम कामगार न आल्यास त्याच्या जागी उभा राहणारा माणूस. सेनाच्या कथेत देव बदली कामगार झाला. मग एकेक कथा आठवू लागली. जनाबाईबरोबर तो दळायला बसला. दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन त्याने बादशहाच्या दरबारी रसद भरली. पंत तर आमच्यासारखेच सरकारी अंमलदार. आणि सर्वांत मोठी कथा गोरोबाकाकांची. स्वतःचे हात तोडून घेतलेला कुंभार. चाक थांबलेले, घर उपाशी. तेव्हा पांडुरंग काय करतो? हात देणे त्याला अशक्य नव्हते. ते तो पुढे देतोच. परंतु त्याआधी तो तेरला गोरोबांच्या घरी कामाला येतो, माती तुडवितो, मडकी घडवितो, कुंभाराचे घर कुंभाराचेच ठेवतो. हात परत येतात तेव्हा चाक फिरतेच असते.

या कथांना आम्ही आजवर चमत्कार म्हणून बाजूला ठेवले होते. आता वाटते, चमत्काराचा भाग देवाचा. बदलीचा भाग आपल्यासाठी आहे. तोडलेले हात परत देणे माणसाच्या आवाक्यातले नाही, पण दुसऱ्याचे चाक त्याच्या नावाने फिरते ठेवणे कोणालाही शक्य आहे. आपल्या जुन्या राज्यकारभारातही याला नाव होते. मुख्य अधिकारी दूर असता त्याच्या नावाने, त्याच्या शिक्क्याने काम चालविणारा तो मुतालिक. जागा रिकामी राहत नसे आणि हरवतही नसे.

आता ती जुनी नोंद. २००४ सालच्या सुमारास आम्ही एका जिल्हा कार्यालयात शाखाप्रमुख होतो. आवक-जावक सांभाळणारे एक लिपिक होते; पन्नाशीच्या आसपासचे, अक्षर मोत्यासारखे. कोणते पत्र कोणत्या वर्षी कोणत्या नस्तीत गेले, हे नोंदवही न उघडता सांगत. त्यांना अर्धांगवायू झाला. चार-पाच महिन्यांनी ते काठी टेकीत रुजू झाले. दरम्यान टपाल तुंबून चालणार नव्हते, म्हणून त्यांचे टेबल आम्ही एका तरुण लिपिकाला दिले होते. ते परत आले तेव्हा आम्ही उठून त्यांचे स्वागत केले, खिडकीपाशी वाऱ्याला खुर्ची टाकायला सांगितले आणि म्हणालो, "आता तुम्ही आराम करा. पगाराची काळजी करू नका."

पगाराची काळजी त्यांनी करण्याचे कारणच नव्हते. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यातील ४७ वे कलम त्यांच्या बाजूने होते. शासकीय सेवेत असताना ज्याला अपंगत्व येते त्याला सेवेतून काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे, तेही नसेल तर त्याच्यासाठी अधिसंख्य पद निर्माण करायचे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली कुणाल सिंह यांच्या प्रकरणात, सेवेत असताना पाय गमावलेल्या त्या शिपायाला, हेच संरक्षण दिले होते. २०१६ च्या नव्या कायद्यानेही ते कायम ठेवले. कायदा आम्हाला पाठ होता आणि आम्ही तो काटेकोर पाळला. टिपणीत आम्ही लिहिले की, सध्या योग्य असे काम उपलब्ध नाही. वेतन नियमित देण्यात यावे.

ते रोज साडेदहाला येत. खुर्चीवर बसत. समोर टेबल नव्हते. दुपारी डबा मांडीवर घेऊन उघडत. त्यांची दृष्टी आपल्या जुन्या टेबलावरच्या नोंदवहीकडे असे. दोन-तीन महिन्यांनी एकदा ते आमच्या खोलीत आले आणि जड जिभेने म्हणाले, "साहेब, डावा हात चालतो. निदान टपालावर शिक्के तरी मारू द्या." आम्ही म्हणालो, "अहो, कशाला त्रास घेता?" हे आम्ही दयेनेच म्हणालो, याबद्दल आम्हाला आजही शंका नाही. वर्षाच्या आत त्यांचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आला. कारण, प्रकृती अस्वास्थ्य. आम्ही शिफारस करून सही केली, आणि एक प्रकरण सुखरूप निकालात निघाले असे समजलो. काही वर्षांनी ते वारल्याचे कळले.

वीस वर्षे ही नोंद आमच्या मनात मिटलेली होती. ती उघडली आमच्याच घरात. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही घरी आलो तेव्हा विजेचे देयक, बँकेची कामे, देवपूजेची फुले आणणे, ही निवृत्तीनंतर आम्ही अंगावर घेतलेली कामे सूनबाईने हळूच आपल्याकडे घेतली होती; देयके तर मोबाईलवरून क्षणात जात होती. आम्ही एकदा बँकेचे पुस्तक मागितले, तेव्हा ती मोठ्या मायेने म्हणाली, "बाबा, आता तुम्ही आराम करा." शब्द तेच होते. त्या दिवशी खिडकीपाशी वाऱ्याला टाकलेली ती खुर्ची कशी असते, हे आम्हाला प्रथमच कळले. पेन्शन सुरू होते. भाकरीचा पदर शाबूत होता. गेला होता तो दुसरा.

हे लिहिताना कार्यालयाची बाजू आम्ही विसरलेलो नाही. टपाल ही लिपिकाची मालमत्ता नसते. ज्या विधवेच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज त्या टेबलावर पडून राहतो, तिलाही न्याय हवा. आणि जागा राखण्याच्या नावाखाली आपल्या पूर्वजांनी काय केले, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. वतने वंशपरंपरेने राखली गेली, ती बहुधा नालायकांसाठीही. आणि बाहेर उभ्या असलेल्या कितीतरी लायक माणसांना ती कधीच मिळाली नाहीत. तेव्हा जागा राखणे म्हणजे ती अडवून धरणे नव्हे. काम दुसऱ्याने करावे, परंतु ते बदली म्हणून करावे. ज्याचे काम त्याला त्याची खबर असावी. आणि तो परत येईल त्या दिवशी त्याच्या हाताला झेपेल तेवढा वाटा त्याच्यासमोर ठेवलेला असावा, मग तो शिक्के मारण्याएवढा का असेना. आमच्या शाखेत यातले काहीच अशक्य नव्हते. तरुण लिपिकाच्या टेबलाला दुसरी खुर्ची लावली असती, तर पुरले असते. कोणते पत्र कोणत्या नस्तीत गेले हे सांगायला उजवा हात लागत नाही.

काही वेळा जुन्या जागी परत जाणे खरोखरच शक्य नसते. ज्याला फेफरे येते त्याने बस चालवू नये. ज्याचा हात कापतो त्याने शस्त्रक्रिया करू नये. अशा वेळी रुग्णाला गोड बोलून टांगणीला ठेवणे हे पाप आहे. त्याला खरे सांगितले पाहिजे, आणि ते सांगणाऱ्याने दुसऱ्या जागेचा विचार आधी करून मगच तोंड उघडले पाहिजे. रुग्णाचेही येथे कर्तव्य आहे. त्या नाभिकांना आम्ही एकदा विचारले, "डाव्या हाताने वस्तरा धरून पाहिलात का?" ते म्हणाले, "पाहिला. घरी, स्वतःच्या दाढीवर. दुसऱ्याच्या डोक्यावर इतक्यात नाही धरणार." ज्याची काळजी आम्ही सुरुवातीला मोह म्हणून सोडून द्यायला सांगत होतो, त्याच माणसाने आपल्या कामाची मर्यादा अशी स्वतः घालून घेतली होती.

पुनर्वसनाचे जे चांगले शास्त्र आहे, त्याने हे फार पूर्वी ओळखले. एलिझाबेथ लंडी नावाची एक अमेरिकन तरुणी विष्णु निंबकरांशी विवाह करून कमला निंबकर झाली, आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तिने व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी या देशातील पहिली शाळा सुरू केली. व्यवसायोपचार म्हणजे काम हेच औषध. बोटांना नुसता व्यायाम न देता त्यांना ज्या कामाची सवय होती त्याच्या वाटेवर हळूहळू आणणे. जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो कृत्रिम पाय तयार केला, त्याचे वैशिष्ट्यही हेच. विलायती पायाला बूट लागे. या पायाने शेतकरी अनवाणी चिखलात उतरू शकतो, उकिडवा बसू शकतो, मांडी घालू शकतो. त्यांनी पाय बनविताना माणूस परत कुठे जाणार आहे, ते आधी पाहिले.

तरीही कोणतेही रुग्णालय माणसाला दारापर्यंतच आणून सोडू शकते. दाराबाहेरची जागा राखणे हे वैद्याचे काम नाही. ते शेजारच्या पायरीवर बसणाऱ्याचे आहे, शाखाप्रमुखाचे आहे, लग्नघरच्या यजमानाचे आहे. कायद्याचा हातही तेथे फारसा पोहोचत नाही. आम्ही सांगितलेले संरक्षण शासकीय आस्थापनांपुरते आहे. घाटावरचे पोते, पार्सलांची पिशवी आणि पुरणपोळीचे लाटणे त्यात येत नाही. आपल्या घरांतून आता शासकीय कारकून कमी निघतात. मुले-मुली इंदूर, पुणे, बंगळुरूला कंपन्यांत आहेत, त्यांच्या हाताखाली माणसे आहेत. आजारातून उठलेला एखादा सहकारी त्यांच्यासमोर येऊन उभा राहील, तेव्हा ती काय म्हणतील? "आराम करा" हे सोपे आहे. "तुमचे काम अमुक जण पाहत आहेत, तुम्ही आलात की यातले एवढे तुमचे" हे म्हणायला थोडा विचार आणि थोडी तसदी लागते. रुग्णाच्या काळजीवर याखेरीज दुसरे खरे उत्तर आम्हाला सापडले नाही.

परवाच्या सोमवती अमावास्येला आम्ही पुन्हा रामघाटावर गेलो. गर्दी इतकी की, वरच्याच पायरीवर बसून राहिलो. खाली नाभिकांच्या ओळीत आमचे स्नेही दिसले. त्यांचे पोते त्यांच्या जुन्या जागी अंथरलेले होते. वस्तरा शेजारचे चालवीत होते. हे डाव्या हाताने वाटीतले पाणी घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांची डोकी भिजवीत होते, आणि जुन्या यजमानांशी त्यांच्या गावची विचारपूस करीत होते. उजवा हात मांडीवर होता. अंगठा अधूनमधून हलताना दिसला.

गर्दी ओसरल्यावर आम्ही त्या शेजाऱ्यांना विचारले की, गेले सहा महिने रोज पहाटे दुसरे पोते कोण अंथरीत होते? "मीच," ते म्हणाले. "आणि एवढ्या गर्दीत तुम्ही त्या जागेवर सरकून बसला नाहीत?" त्यांना आमचा प्रश्नच नीट कळला नाही. "ती जागा यांची आहे," एवढे बोलून ते पाणी बदलायला खाली उतरले.

रामघाटावर धर्मराज चित्रगुप्ताचे देऊळ आहे. त्याच्या वहीत आमच्या नावापुढे २००४ सालची ती टिपणी असेलच. आमच्या हस्ताक्षरात, नियमानुसार, निर्दोष. त्या लिपिकांची क्षमा मागायला आता उशीर झाला आहे. घरी येऊन आम्ही सूनबाईला म्हटले, "देयके तू मोबाईलवरून भर, पण उद्यापासून फुले आम्ही आणू." ती म्हणाली, "बाबा, फुलांची टोपली दारामागे तिथेच ठेवली आहे. काढली नव्हती."